मगावरचा फोटो फिका का येतो?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या बाजाराच्या गावात फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि डीटीपी हे धंदे बरेचदा एकाच शटरमागे चालतात. त्यात आता मगावर फोटो छापायच्या यंत्राची भर पडते आहे. जागा टेबलाच्या कोपऱ्याएवढी पुरते, गिऱ्हाईक गावातच असतं. वाढदिवस, साखरपुडा, पाच सप्टेंबरचा शिक्षक दिन, कृषी सेवा केंद्राची दिवाळी भेट, असं काही ना काही चालूच राहतं. यंत्र घरी आलं की नवखा माणूस मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघतो, ‘१८० डिग्री, १८० सेकंद’ एवढं पाठ करतो आणि कामाला लागतो. पहिले काही मग फिके येतात, एखादा करपतो, एखाद्यावर निळे ठिपके उठतात. मग तो यंत्र विकणाऱ्याला फोन लावतो आणि तिकडून पुन्हा तोच १८०चा आकडा ऐकायला मिळतो.

तो आकडा खोटा नाही. पण तो कुणा दुसऱ्याच्या दुकानातला आहे. तिथे व्होल्टेज पूर्ण असतं, बहुधा एसी असतो, कागद कोरडा असतो. आपल्याकडे संध्याकाळी दिवे मंद होतात, जुलैत कागद ओल धरतो आणि मे महिन्यात दार उघडं ठेवलं तर टेबलावर धुळीचा थर बसतो. मराठवाड्यातल्या गावात मग छापायचे असतील तर आकडे स्वतःचे शोधावे लागतात. ते कसे शोधायचे, हेच पुढे सांगतो.

आधी आत काय घडतं ते. सब्लिमेशनची शाई कागदावर छापली जाते तेव्हा ती निस्तेज, मळकट दिसते. त्यावरून घाबरू नका, खरा रंग उष्णता लागल्यावरच उघडतो. देवापुढे कापूर न वितळता हवेत विरतो, तशी ही शाई साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला घन अवस्थेतून थेट वायू होते. मगाच्या चिनीमातीवर पॉलिमरचं पारदर्शक कोटिंग असतं. तापल्यावर ते सैल होतं, वायू त्याच्या आत शिरतो, मग थंड झाला की रंग तिथेच अडकतो. म्हणून तो नखाने खरवडून निघत नाही. आणि म्हणूनच भांड्यांच्या दुकानातून आणलेल्या साध्या पांढऱ्या मगावर काहीही केलं तरी फोटो टिकत नाही, कारण रंगाला शिरायला तिथे कोटिंगच नसतं. दोन्ही मग नुसते बघून वेगळे ओळखू येत नाहीत. नवा खोका फोडला की त्यातला एक मग चाचणीला बाजूला काढायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

या शाईत पांढरा रंग नसतो. फोटोतला पांढरा शर्ट म्हणजे मगाचाच पांढरेपणा. त्यामुळे गडद रंगाच्या मगावर हे काम होत नाही. काळा मॅजिक मग अपवाद वाटतो, पण त्याच्याही काळ्या थराखाली पांढरा मगच असतो. गरम चहा ओतला की काळा थर पारदर्शक होतो आणि खालचा फोटो दिसतो. हा थर नाजूक असतो. जास्त तापवला तर तो नीट पालटत नाही, म्हणून त्याला साध्या मगापेक्षा थोडी कमी उष्णता द्यावी लागते. नवख्याने पहिला महिना मॅजिक मगाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

फिका, करपलेला आणि अर्धा-अर्धा

सगळ्यात जास्त तक्रार फिकेपणाची. यात गोंधळ होतो तो यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यामुळे. तो आकडा हीटरच्या पट्ट्यात बसवलेल्या सेन्सरचा असतो, मगाचा नसतो. रिकामं यंत्र १८० दाखवत असताना तुम्ही त्यात थंड मग घालता, तो उष्णता ओढून घेतो, आकडा धाडकन खाली येतो आणि हळूहळू वर चढतो. काही यंत्रांत सेकंद मोजणं मग घातल्याबरोबर सुरू होतं, तर काहींत तापमान पुन्हा चढल्यावर. म्हणजे दोन यंत्रांवरचे ‘१८० सेकंद’ सारखे नसतात. तुमचं यंत्र यातलं कुठलं, हे कोरा मग घालून आणि मोबाइलचं घड्याळ लावून पाच मिनिटांत कळतं.

आणखी एक गोष्ट तपासा. पडद्यावरचे आकडे सेल्सिअस आहेत की फॅरनहाइट? बाहेरून येणाऱ्या बऱ्याच यंत्रांत दोन्हींची सोय असते आणि चुकून बटण दाबलं जातं. १८० सेल्सिअस म्हणजे ३५६ फॅरनहाइट. यंत्र फॅरनहाइटवर असताना १८० लावलं, तर मग जेमतेम ८२ अंशांपर्यंत तापेल आणि शाई कागदावरच बसून राहील.

आता विजेचं गणित. मगाचं वजन साधारण ३०० ते ३५० ग्रॅम असतं. तो खोलीच्या तापमानापासून १८० अंशांपर्यंत न्यायला जी ऊर्जा लागते, ती तीन-साडेतीनशे वॅटच्या हीटरला द्यायला दोन-अडीच मिनिटं सहज जातात. १८० सेकंदांचा हिशेब असा बसतो. पण हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील, तर दिवा थोडाच मंद दिसतो, पण हीटरची उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. टायमर मात्र आपल्या वेगाने सेकंद मोजत राहतो. दुपारी छापलेला मग झकास आणि रात्री आठला छापलेला फिका, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. प्लगमध्ये लावायचं छोटं डिजिटल व्होल्टमीटर स्वस्तात मिळतं. ते यंत्राशेजारी लावा आणि व्होल्टेज पडलेलं असेल तेव्हा डोळे टायमरवर न ठेवता तापमानावर ठेवा. आकडा ठरलेल्या ठिकाणी पोहोचून तिथे किती वेळ राहिला, हेच महत्त्वाचं. मोठी ऑर्डर असेल तर वीज स्थिर असते ती वेळ धरा, किंवा यंत्राच्या वॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर घ्या. यंत्राचं अंग धातूचं असतं, तेव्हा अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून एकदा बघून घ्यायला हवं. हे गावात कुणी मनावर घेत नाही.

ऋतूचाही फरक पडतो. जानेवारीच्या सकाळी मग बारा-पंधरा अंशांवर असतो आणि मेच्या दुपारी चाळिशीला टेकलेला असतो. दोन्ही वेळी १८०ला पोहोचायचं, तर थंडीत पंधरा-वीस टक्के जास्त उष्णता लागते. थंडीत पहिला मग फिका आणि नंतरचे चांगले येत असतील, तर यंत्राला आधी एक-दोन वेळा टाकाऊ मग घालून तापवून घ्या.

वीज मध्येच गेली तर? क्लॅम्प उघडू नका. कागद जागचा हलला नसेल तर वीज आल्यावर तापमान पुन्हा चढू द्या आणि उरलेला वेळ द्या. असा मग बरेचदा वाचतो. तरी तो गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी उजेडात नीट बघा.

करपण्याची खूण वेगळी. काळा रंग तपकिरी, तांबूस दिसू लागतो, केसांना गंज चढल्यासारखं वाटतं, मगाचा पांढरेपणा पिवळट होतो, कागदही तपकिरी पडलेला असतो. अशा वेळी आधी वेळ दहा-पंधरा सेकंदांनी कमी करा, तापमानाला हात लावू नका. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि तुम्ही पुन्हा होता तिथेच. बिघडलेला मग फेकून द्यायचा नसतो. त्याच्या तळावर मार्करने तापमान, सेकंद, व्होल्टेज आणि तारीख लिहा आणि मग ओळीने मांडून ठेवा. असे दहा-बारा मग जमले की ते तुमच्या यंत्राबद्दल कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगतात.

एक बाजू गडद आणि दुसरी फिकी असेल तर संशय दाबावर घ्या. कागदाच्या चार पट्ट्या कापा, मग आणि हीटर यांच्यामध्ये चार ठिकाणी सरकवा, यंत्र थंड असतानाच क्लॅम्प लावा आणि पट्ट्या ओढून बघा. एखादी सैल निघाली तर तिथे दाब कमी आहे. कानाजवळचा भाग फिका येणं मात्र बहुतेक यंत्रांचा स्वभावच आहे, कारण हीटरचा पट्टा कानापर्यंत पोहोचतच नाही. नेहमीच्या ११ औंसच्या मगाचा घेर सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटर असतो, पण छापायला भरवशाची रुंदी साधारण वीसच सेंटिमीटर. वर-खाली चार-पाच मिलिमीटर जागा सोडा. तळाशी मग आत वळतो आणि तिथे पट्टा टेकत नाही. वरच्या काठाला ओठ लागतात, तिथे शाई नसलेलीच चांगली.

ठिपके, डाग आणि दुहेरी चेहरे

निळे ठिपके बहुतेक धुळीचे आणि कापडाच्या तंतूंचे असतात. मग जुन्या सुती फडक्याने पुसला की स्वच्छ होण्याऐवजी त्यावर तंतूच चिकटतात. तंतू न सोडणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ते उडून जाऊ द्या, मगच कागद चिकटवा. कागदावरही एक फुंकर मारा, पण थुंकी उडणार नाही अशी.

पावसाळ्यातले डाग वेगळे दिसतात. रंग ढगासारखा पसरतो, मध्येच पांढरट चट्टे राहतात. कागदात शिरलेली ओल तापल्यावर वाफ होते आणि शाईला नको तिकडे ढकलते. कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढेच कागद काढा. छापल्यावर दहा मिनिटं थांबा. बाहेर झड लागलेली असेल तर केस वाळवायचं ड्रायर दुरून फिरवलं तरी चालतं. त्या उष्णतेने शाई उडत नाही.

कागदाला दोन बाजू असतात, हे नवख्याला कुणी सांगत नाही. छापायची बाजू जास्त पांढरी आणि किंचित खरखरीत असते, मागची थोडी पिवळट किंवा रंगीत. शंका आली तर ओलं बोट कोपऱ्यावर टेकवा, जी बाजू बोटाला चिकटते ती छापायची. उलट्या बाजूवर छापलं तर शाई कागदात जिरते आणि मगावर फिकी सावली येते. मग माणूस उगाच तापमान वाढवत बसतो.

एकाच चेहऱ्याच्या दोन कडा दिसत असतील तर कागद गरम असताना सरकला आहे. उष्णता सोसणारी टेप दोन्ही टोकांना घट्ट लावा, कागद मगाला कुठेही पोकळ राहू देऊ नका. यंत्र उघडल्यावर मग कानाला धरून बाहेर काढा आणि कागद एका ओढीत काढा. अर्धा काढून पुन्हा टेकवू नका. टेप दुसऱ्यांदा वापरू नका, कारण तिच्यात शिरलेली शाई पुढच्या मगावर रेघ उमटवते. हीटरच्या पट्ट्यालाही शाई लागते. म्हणून मगाच्या बाहेरून एक साधा कागद गुंडाळा आणि तो वेळोवेळी बदला.

गरम मग थंड पाण्यात बुडवायची सवय काही दुकानांत दिसते. हेतू चांगला असतो, आत उरलेल्या उष्णतेने रंग पसरत राहू नये म्हणून. पण बोअरच्या गार पाण्यात १८० अंशांचा मग घातला तर तो तडकू शकतो. तडा लगेच दिसतोच असं नाही, घरी उकळता चहा ओतल्यावर दिसतो. मग लाकडी फळीवर, एकमेकांना न चिकटवता, पंख्याखाली निवू द्या. आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. शाईच्या वाफा दिवसभर छातीत घेण्याच्या लायकीच्या नाहीत.

प्रिंटर

हे काम एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरवर जास्त होतं, त्यामागे कारण आहे. एप्सनचं हेड शाईला न तापवता दाबाने फेकतं. शाई तापवून फेकणाऱ्या हेडमध्ये ही शाई चालत नाही. प्रिंटर मात्र नवा, साधी शाई कधीच न भरलेला असावा. सब्लिमेशनची शाई भरली की कंपनीची वॉरंटी गेली असं समजून चाला. आणि त्याच प्रिंटरवर दाखले, उतारे काढायचा मोह टाळा.

मगावर आडव्या पांढऱ्या रेघा म्हणजे नोझल तुंबलेले. उन्हाळ्यात प्रिंटर चार दिवस बंद राहिला की शाई हेडमध्ये वाळते. रोज दुकान उघडल्यावर नोझल चेकचं एक पान काढा. रेघ तुटली तर हेड क्लिनिंग एकदा, फार तर दोनदा करा. तरी नाही सुटलं तर प्रिंटर काही तास तसाच ठेवा, मग पुन्हा बघा. पाठोपाठ क्लिनिंग करण्यात शाई जाते, ती आतल्या पॅडमध्ये साठते आणि पॅड भरलं की प्रिंटर काम थांबवतो.

रंग चुकीचे येणं ही वेगळी भानगड. लाल नारंगी होतो, गोऱ्या बाळाच्या गालावर हिरवट छटा येते. यात हीटरचा दोष नसतो. शाईसोबत मिळणारी रंग जुळवायची फाइल, म्हणजे आयसीसी प्रोफाइल, कॉम्प्युटरमध्ये बसवलेली नसते किंवा प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती चालू राहिलेली असते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. बियाण्यांच्या धंद्यात हे फार नडतं. १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालन्यात सुरू झाली, पुढे आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला आणि आज विक्रेत्यांना वाटायला मग छापून घेणाऱ्यांना आपल्या पाकिटावरचा हिरवा तोच हिरवा हवा असतो. त्यासाठी एका मगावर रंगांच्या छोट्या चौकटी छापा, प्रत्येकीखाली तिचा आकडा लिहा आणि गिऱ्हाइकाला बोटाने दाखवायला सांगा. स्क्रीनवर रंग पसंत करून घेऊ नका.

उलटं चित्र आणि मराठी अक्षरं

चित्र आरशासारखं उलटं छापायचं, म्हणजे मगावर सुलटं उमटतं. अक्षरं असतील तर विसरलेलं लगेच लक्षात येतं. नुसता फोटो असेल तर येत नाही आणि मग घरी गेल्यावर आजी विचारते, पदर उजव्या खांद्यावर कसा? सगळ्यात अवघड प्रसंग गणपतीचा. राजूरचा गणपती भोकरदन तालुक्यातलाच, त्यामुळे गणपतीचे मग इकडे मागितले जाणारच. चित्र उलटं करायचं राहिलं तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, हे मानणारं गिऱ्हाईक तो मग घरात नेणार नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आरसा कायमचा चालू ठेवायचा किंवा डिझाइनमध्येच उलटं करायचं, यातलं एक पक्कं करा. दोन्ही केलं की चित्र पुन्हा पहिल्यासारखं होतं.

फोटो कानाच्या कुठल्या बाजूला, हेही ठरवून घ्या. उजव्या हाताने पिणाऱ्याला स्वतःकडे फोटो दिसायला हवा असेल तर तो डिझाइनच्या उजव्या अर्ध्यात ठेवा, अर्थात उलटं करण्याआधीच्या डिझाइनच्या. समोरच्याला दिसायला हवा असेल तर डाव्या अर्ध्यात.

मराठी मजकुराची दुखणी यंत्राची नसतात, पण शिव्या यंत्रालाच बसतात. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमधलं नाव जुन्या फोटोशॉपमध्ये टाकलं की वेलांटी सुटते, जोडाक्षर फुटतं. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला की ते सुटतं. कोरलमध्ये मजकूर पक्का झाला की त्याचे कर्व्ह करून टाका. बारीक टाइप घेऊ नका. शाई कोटिंगमध्ये शिरताना किंचित पसरते, त्यात अनुस्वार, रफार आणि ‘भ’ची गाठ बुजते. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा मुक्ता ठळक वजनात घेतला तर वाचता येतो. आणि नाव, तारीख गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘बरोबर आहे’ असं लिहून घेतल्याशिवाय प्रिंट देऊ नका. ‘श्रध्दा’ की ‘श्रद्धा’, हा वाद मग छापून झाल्यावर मिटत नसतो.

व्हॉट्सॲपवरून येणारा फोटोही बऱ्याच दुखण्यांचं मूळ आहे. वीस बाय नऊ सेंटिमीटरच्या पूर्ण छपाईला ३०० डीपीआयने साधारण २३६२ बाय १०६३ पिक्सेल लागतात. चार ग्रुपमधून फिरून आलेल्या फोटोत तेवढे नसतात. मूळ फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नाहीच मिळाला तर फोटो छोटा ठेवा आणि उरलेली जागा मजकुराने भरा. फाटलेला मोठा चेहरा छापण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पन्नास मगांची ऑर्डर आली तर त्याच खोक्यातला एक मग आधी छापून दाखवा आणि चार-पाच मग जास्तीचे मागवा. वाहतुकीत फुटतात, छापताना एखादा जातो. त्यांचा खर्च दर सांगतानाच धरा, नंतर मागता येत नाही. मग देताना खोक्यात मराठीत एक चिठ्ठी टाका: तारेची घासणी आणि राख वापरू नये, मऊ स्पंजने धुवावा. आपल्या घरांत भांडी घासायची पद्धत मगाच्या कोटिंगला मानवत नाही. महिन्याभराने रंग गेल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, तर आधी मग हातात घ्या आणि उजेडात तिरपा धरून बघा. बारीक ओरखडे दिसले तर घासणीचा दोष आहे. ओरखडे नसताना रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर त्या खोक्याचं कोटिंगच खराब आहे, तेव्हा त्यातले उरलेले मग विकू नका.